पायलटशेठचं पारणं

संवत्सरीचा उपास दुसऱ्या दिवशी सकाळी सोडतात. वर्षभरात ज्या-ज्याचं मन दुखावलं त्याची माफी मागायची, दिवसभर अन्नाला शिवायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला की पारणं करायचं, हा मंचरच्या जैन घरांतला शिरस्ता. त्या सकाळी घरोघरी मुगाचं पाणी उकळत असतं आणि माणसं हात जोडत एकमेकांच्या दारात फिरत असतात. पण विंग कमांडर मांगीलाल, वीरचक्र, वय ऐंशी, रक्तात साखर, डाव्या मांडीत सळई, हे गृहस्थ सातलाच बूट चढवून छत्रीसकट बाहेरच्या पायरीवर येऊन बसलेले. मुगाचं पाणी शेजारी निवत होतं. ते त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हते.

"पारणं घाटघरला," ते म्हणाले.

"घाटघरला? इतक्या पावसात? तिथं कोण आहे आपलं?" नात सिद्धीने विचारलं. सिद्धी दातांची डॉक्टर, मंचरातच तिचा दवाखाना. आजोबांना रागावण्याचा हक्क घरात तिला एकटीलाच होता.

उत्तर आजीने दिलं. सुमतीबाई वाटी-चमचा घेऊन दारातच उभ्या होत्या. "जानकू आहे तिथं. पन्नास वर्षं जायचंय यांना त्याच्याकडे, आणि पन्नास वर्षं हे पोस्टमनला पाठवतायत."

"सुमती, टोमणे संध्याकाळी मार."

"संध्याकाळपर्यंत धड राहिलात तर मारीन की!"

"दादाजी, दोन घोट घ्या, मग नेते मी," सिद्धी म्हणाली. "शुगर खाली आली तर रस्त्यात कुठे धावू तुम्हाला घेऊन?"

"नेम घेतलाय मी. जानकूच्या समोर बसून माफी मागेन, मगच तोंडात काही जाईल. त्याने हाकलून दिलं तर तसाच परत येईन आणि उद्या पुन्हा जाईन. तू नेतेस, का एसटीने जाऊ?"

हा आवाज निराळा होता. ह्याच आवाजाने एके काळी शिकाऊ वैमानिकांना विमानातसुद्धा घाम फोडला होता म्हणतात. सिद्धीने मुकाट्याने किल्ली घेतली. सुमतीबाईंनी उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "परत नको आणूस गं. काही झालं तरी अर्ध्यातून परत नको आणूस."

मंचरात मांगीलालना सगळे पायलटशेठ म्हणतात. मारवाड्याच्या पोटी जन्मलेला माणूस इथं शेठच असतो, मग तो दुकानात बसो नाहीतर ढगात. वडलांची कांदा-बटाट्याची आडत होती. दिवसभर माणूस कांद्याच्या ढिगात बसायचा आणि घराचा उंबरा कांद्याने कधी ओलांडला नाही! असल्या घरातलं पोर पुण्याला कॉलेजात गेलं, लोहगावची विमानं बघून वेडं झालं आणि घरी येऊन म्हणालं, मी हवाई दलात जातो. तेव्हा त्यांना अहो-जाहो करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिथपासून आपणही अरे-तुरेच करू.

बाप भडकला. "मुंगी चुकवून चालणारी माणसं आपण, आणि तू बॉम्ब टाकणार?" त्याने तीन दिवस मुलाशी बोलणं टाकलं. मांगीलालनेही तीन दिवस हट्ट सोडला नाही. शेवटी आई मध्ये पडली. तिने एकच गोष्ट मागितली. "जा बाबा. पण रोज एक सामायिक करत जा."

सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसायचं. देवाचं नाव घ्यायचं, मौन धरायचं, आणि एकदा नेम घेतला की वेळ पुरी होईपर्यंत काहीही झालं तरी उठायचं नाही, मोडायचं नाही. लहानपणी मांगीलालला ह्याचा अस्सा कंटाळा यायचा की तो स्थानकाच्या, म्हणजे जैनांच्या प्रार्थनेच्या जागेच्या, मागच्या दाराने सटकायचा. आईला त्याने हो म्हटलं आणि पुढची आठ वर्षं एकही केलं नाही.

हे सगळं पायलटशेठ सिद्धीला गाडीत सांगत होते. हायवेला नेहमीसारखी ट्रकांची रांग, त्यातून निघून नारायणगावला वळेपर्यंत त्यांनी बालपण संपवलं. लढाईचं मात्र दोन वाक्यांत उरकलं. "एकाहत्तरचा डिसेंबर. पाचव्या दिवशी त्यांच्या रणगाड्यांवर तिसऱ्यांदा खाली गेलो, पहिल्या दोन वेळा जमलं त्याचं ते पदक, तिसऱ्यांदा मला लागलं."

"पदकाचं तर शाळेत दरवर्षी सांगता," सिद्धी म्हणाली. "पुढचं कधी सांगत नाही."

"तेच सांगायला बसलोय. गाडी बघून चालव."

विमान पेटलं तसा तो खुर्चीसकट बाहेर फेकला गेला आणि हवाई छत्रीने एका उसाच्या फडात उतरला. मांडीचं हाड मोडलेलं. क्षणभर त्याला वाटलं, आपण मंचरजवळच्या लोणीच्या शिवारातच पडलो. मग काठ्या घेतलेली माणसं आली आणि ती मराठी बोलत नव्हती. एका म्हाताऱ्याने मध्ये पडून त्याला वाचवलं, फौजेच्या हवाली केलं, आणि मांगीलाल शत्रूच्या लष्करी दवाखान्यात पोचला.

शेजारच्या खाटेवर एक काळासावळा, किडकिडीत जवान होता. खांद्यात तोफेच्या गोळ्याचा तुकडा. दुसऱ्या दिवशी मांगीलाल वेदनेने "आई गं" म्हणून ओरडला, तसा तो जवान ताडकन उठून बसला.

"सायेब, मराठी? कुठलं गाव?"

"मंचर."

"आरं तिच्या! मी घाटघरचा की. जुन्नर तालुका. जानकू."

दोघं इतके हसले की पहारेकरी धावत आला. लाहोरापलीकडच्या कुठल्याशा दवाखान्यात मंचरचा आंबेगाव तालुका आणि घाटघरचा जुन्नर शेजारी-शेजारी पडले होते! पुढचे दहा दिवस त्यांनी हळू आवाजात गप्पा मारल्या. जानकू घाटघरच्या पावसाचं, नाचणीचं, नाणेघाटातल्या वाऱ्याचं सांगायचा. मांगीलालच्या प्लास्टरमधल्या पायाला खाज सुटली की स्वतःचा दुखरा खांदा सांभाळून काडीने खाजवून द्यायचा. जानकूची अडचण मोठी होती. धुमश्चक्रीत तो पलटणीपासून तुटला होता, रक्ताने भिजलेला गणवेश टाकून कुणाचा तरी सदरा अंगात घालून तीन दिवस परतीची वाट शोधत भटकत होता. गळ्यातली ओळखीची चकती कुठे पडली तेही त्याला ठाऊक नव्हतं. गणवेश नाही, चकती नाही, म्हणजे त्यांच्या लेखी तो जवान नव्हता, हेर होता. आणि हेराला युद्धकैद्याचे कायदे लागत नाहीत.

मग मांगीलालची चौकशी सुरू झाली. एक मेजर यायचा, बोलायला गोड. विमानतळ कुठला, विमानं किती, उडता कधी, कुठून. नाव, हुद्दा, नंबर याच्यापलीकडे मांगीलालला काही बोलायचं नव्हतं. पण मार, उपाशी ठेवणं आणि झोपू न देणं, यातलं झोपू न देणं फार वाईट. चौथ्या रात्रीनंतर त्याला कळलं की आता आपण बोलणार. कायमचं गप्प राहणं आपल्याच्याने व्हायचं नाही.

तेव्हा त्याला आई आठवली. कायमचं कोण गप्प राहतो? अठ्ठेचाळीस मिनिटं तर राहता येतं! त्याने मनात नेम घेतला, मौनाचं एक सामायिक. घड्याळ नव्हतं, पण नवकार मंत्राच्या तीन माळा सावकाश म्हटल्या की तेवढा वेळ जातो हे त्याला लहानपणापासून पक्कं माहीत होतं. बोटांच्या पेरांवर मोजत त्याने तीन माळा पुऱ्या केल्या. संपल्या की लगेच पुढचा नेम. आठ वर्षांची थकबाकी त्याने त्या खोलीत फेडली म्हणा ना! मेजर हैराण झाला. नेम चालू असताना मांगीलाल नावसुद्धा सांगायचा नाही, मारलं तरी हूं की चूं नाही.

आणि एक दिवस त्यांनी जानकूला त्या खोलीत आणलं.

इथे पायलटशेठ बोलायचे थांबले. जुन्नर मागे पडलं होतं, माणिकडोहचं पाणी डाव्या हाताला पसरलेलं, पावसाची झड काचेवर येत होती. त्यांच्या कपाळावर घाम होता. सिद्धीने गाडी कडेला घेतली, त्यांच्या बोटाला सुई टोचली, यंत्रावरचा आकडा बघितला. चौऱ्याहत्तर.

"सत्तरच्या खाली गेलं तर तुमचा नेम गेला उडत, मी साखर घालणार तोंडात."

"अजून चार आहेत ना? मग ऐक."

मेजर म्हणाला होता, हा तुमचा जवान आहे का, एवढंच सांगा. दहा दिवस शेजारी होतात. हो म्हणा, ह्याचं नाव कैद्यांच्या यादीत जाईल. नाही बोललात तर हा हेर, आणि हेराचं काय करायचं ते आम्ही बघू. मांगीलालच्या दोन माळा झाल्या होत्या. तिसरी नुकती सुरू झाली होती. त्याला वाटलं, हा सापळा आहे, एकदा तोंड उघडलं की पुन्हा मिटायचं नाही. आणि नेम. नेमावर तर तो तगून होता, तो मोडला तर हातात राहिलं काय? फक्त एक माळ. सोळा मिनिटं. तेवढी होऊ दे, मग सांगतो. त्याने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. समोर जानकूला मारायला लागले. कानावर, जखमी खांद्यावर. मांगीलाल मोजत राहिला. मग जानकूला ओढत बाहेर नेलं, तरी मोजत राहिला. एकशे आठ झाले आणि तो बोंबलून उठला, "तो जवान आहे! आमचा जवान आहे तो!" मेजर कधीच निघून गेला होता. पहारेकऱ्याला काही पडलेली नव्हती. पुढे महिनाभर जो समोर येईल त्याला तो सांगत सुटला, पण जानकू पुन्हा त्या दवाखान्यात आला नाही.

"सोळा मिनिटं थांबलात?" सिद्धीचा आवाज चढला. "माणूस समोर मार खातोय आणि तुम्ही मंत्र मोजताय? दादाजी, हे काय आहे!"

"बोल. अजून बोल."

तिने गाडी सुरू केली.

बहात्तरच्या डिसेंबरात कैदी सुटले. सुटलेल्यांच्या यादीत मांगीलालने जानकूचं नाव तीनदा शोधलं, नव्हतं. मंचरला मिरवणूक निघाली, बापाने भर पेठेत पोराला मिठी मारली, आडत बंद ठेवली. पाय आखूड झाला होता. मेडिकल बोर्डाने तीनदा नापास केलं. पठ्ठ्या चौथ्यांदा पास होऊन पुन्हा विमानात बसला, पुढं पोरांना उडवायला शिकवलं आणि विंग कमांडर होऊन निवृत्त झाला. पण चौऱ्याहत्तर साली लोणीच्या एका माजी सैनिकाकडून त्याला कळलं होतं, जानकू जिवंत आहे. दीड वर्ष जास्त, हेरांच्या तुरुंगात काढून घाटघरला परत आला. एक हात कामातून गेला, एका कानाने ऐकू येत नाही.

त्या वर्षीच्या संवत्सरीला मांगीलालने त्याला क्षमापनेचं कार्ड पाठवलं. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी रजा काढून तो स्वतः निघाला, जुन्नरच्या एसटी स्टँडपर्यंत गेला. घाटघरची गाडी लागली, भरली, सुटली. हा बाकावर बसून राहिला आणि संध्याकाळच्या गाडीने मंचरला परत आला. तोफांच्या माऱ्यात तीनदा खाली जाणारा माणूस! त्यानंतर दरवर्षी कार्ड. पन्नासच्या वर कार्डं गेली, उत्तर एकाचंही नाही.

"मग यंदाच का?" सिद्धीने विचारलं.

"यंदाचं कार्ड लिहायला बसलो आणि हात कापायला लागला. पत्ता लिहिता येईना. म्हटलं, आता पोस्टमनच्या मागे लपता येत नाही. चला."

घाटघरला धुकं इतकं दाट की पुढची म्हैस दिसेना. डांबरी संपली तिथे गाडी थांबली. पुढे चिखलाची पाऊलवाट आणि चढ. सिद्धी म्हणाली, तुम्ही बसा, मी बोलावून आणते. पायलटशेठनी दार उघडून पाय बाहेर टाकला होता. एका हातात छत्री, दुसरा नातीच्या खांद्यावर, डावा पाय ओढत ते निघाले. दोनदा गुडघ्यावर आले. दोनदा उठले. तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा त्यांनी छत्री टाकून दिली आणि कुंपणाला धरून उभे राहिले. सिद्धी रडकुंडीला आली. "बास झालं, परत चला!" म्हणाली आणि तिला एकदम आजीचे शब्द आठवले. तिने त्यांच्या कमरेभोवती हात घातला आणि वर ओढलं.

पत्र्याच्या घराच्या पडवीत एक बाई शेगडी फुंकत होती. जानकूची बायको, साळुबाई.

"कोन पायजे, पावणं? आगं बया, निथळाया लागलाय की! या, आत या आधी."

आत शेकोटीशी एक म्हातारा घोंगडी पांघरून बसला होता. उजवा हात मांडीवर निपचित. त्याने चांगल्या कानाची बाजू दाराकडे केली.

"जानकू, मी मांगीलाल."

"वळाखलं. पाय वडत कोन येतंय म्हनलं, तवाच वळाखलं. बसा."

पायलटशेठ भुईवर बसले. हात जोडले, मान खाली घातली, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने तोंडातून तेच आलं, "जानकू, जाणता-अजाणता माझ्याकडून तुझं मन..."

"थांबा," जानकू म्हणाला. "ह्ये कार्डात असतंया. दरसाल येतंय. आधी मास्तर वाचून दावायचे, आता सून दावती. छापील. सगळ्यास्नी त्येच धाडता न्हवं? किराणावाल्याला बी त्येच, मला बी त्येच. आन अजानता कसं, सायेब? मी फुड्यातच व्हतो की."

साळुबाईने "अवं" म्हणून त्याला दटावलं. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

पायलटशेठांचे जोडलेले हात खाली आले. "जाणूनच," ते म्हणाले. आणि भुईकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. तीन माळा, नेम, उरलेली एक, सोळा मिनिटं. जुन्नरचा स्टँड सांगितला, कालपासूनचा उपास आणि आजचा नेमसुद्धा सांगितला. काहीही वगळलं नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. बोलताना दोनदा दम लागला, सिद्धीने पाणी पुढे केलं, त्यांनी बाजूला सारलं.

जानकूने डाव्या हाताने शेकोटीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "तुमी बोलला न्हाई त्याचा मला राग न्हाई. मी बी शिपाईगडी. मला बी तुमचं लई इचारलं त्यांनी, त्यो शेजारचा काय काय बोलतो म्हनून. मी बी न्हाई बोललो. तोंड बंद ठेवायचं असतंया, त्ये ठावं हाय मला."

"मग?"

"मी तुमच्याकडं बघत व्हतो. मारत व्हते तवर सारा येळ. वाटलं, गावाकडचा मानूस हाय, येकदा बघंल. नुसतं बघंल. तुमी बोटांकडं बघत व्हता. मार इसारलो मी, सायेब. त्ये न्हाई इसारलो." त्याने हनुवटी त्यांच्या दिशेने उचलली. "आन आज बी भुईलाच सांगताय सगळं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मान वर करायला असा किती वेळ लागतो? पायलटशेठना लागला. सिद्धीला वाटलं, त्यांना चक्कर येतेय, ती पुढे सरकली. पण त्यांनी एका हाताने तिला थोपवलं आणि चेहरा वर उचलला.

समोर पांढऱ्या खुंटांचा, सुरकुतलेला, एक कान चिरडून मिटलेला चेहरा होता, आणि दोन डोळे थेट त्यांच्यावर रोखलेले. पायलटशेठांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते पुसायला नजर खाली घ्यावी लागली असती, म्हणून त्यांनी पुसलं नाही.

"जानकू, तू मार खात होतास आणि मी तुझ्याकडे बघितलं नाही. चुकलो रे मी."

"हां," जानकू म्हणाला. "आता मागितली माफी."

त्याचेही डोळे भरले होते. तो बायकोवर खेकसला, "बघत काय उभी हाईस? पावन्याच्या पोटात कालपास्नं काय न्हाई, तोंड बघ कसं झालंय. पेज आन."

"आमच्या घरचं चालंल का त्यास्नी?" साळुबाई कचरली.

सिद्धी काही बोलणार तोच पायलटशेठनी दोन्ही हात पुढे केले. साळुबाईने नाचणीची गरम पेज वाडग्यात ओतली. जानकूने ते वाडगं आपल्या चालत्या हाताने उचललं आणि स्वतः त्यांच्या ओंजळीत ठेवलं. पायलटशेठनी पहिला घोट घेतला, तोही जानकूकडे बघतच.